थोरल्याचा आवाज

माझे यजमान गेले, तरी त्यांचा फोन मी चालू ठेवला. देवासच्या आमच्या घरात तो कायम उशाशी चार्जिंगला लावलेला असे. माझा स्वतःचा फोन मात्र दिवसदिवस बंद पडलेला असे. दुःखातल्या माणसाच्या अशा सवयींना लोक हात लावत नाहीत, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. पण तो फोन मी आठवण म्हणून ठेवला नव्हता. त्याच्याकडे काम होतं.

धारला माझ्या सासूबाई असतात, धाकट्या दिरांकडे. आमच्या घरात आईला 'बाई' म्हणायची जुनी पद्धत आहे. मुलं म्हणतात तशी सुनाही म्हणतात. बाईंचं वय नव्वदीच्या घरात. एका डोळ्याने काहीच दिसत नाही, दुसऱ्याने उजेड कळतो आणि समोर कोणी उभं आहे एवढं कळतं. हृदयाचं दुखणं जुनं. हे इंदूरच्या दवाखान्यात वारले तेव्हा भाऊजी मला व्हरांड्याच्या टोकाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "वहिनी, बाईला नाही सांगायचं. तिला सोसायचं नाही." बाईंच्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. मी हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही. त्या दिवशी मला काही विचारणं आणि न विचारणं सारखंच होतं.

मग एक हकीकत रचली गेली. थोरल्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आहे, तो मुलीकडे बंगळुरात आहे, डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केली आहे. मोठ्या मुलाला बाई 'थोरला' म्हणत. घशाचं निमित्त भाऊजींनी शोधलं, कारण हे रोज संध्याकाळी बाईंना फोन करत आणि तो न येण्याचं दुसरं कुठलंही कारण बाईंनी ऐकून घेतलं नसतं. ही हकीकत टिकवायची म्हणून आम्ही पेपरात निधनवार्ता दिली नाही. आमच्या मंडळींत ती देताना जन्मगाव, मुलं, जावई, दहावा-तेरावा कुठे, सगळं सविस्तर द्यायची चाल आहे. त्यातलं अक्षरही कुठे छापलं नाही. धारच्या नातेवाइकांना एकेकाला भेटून गप्प राहायला सांगितलं. बँकेत कळवलं नाही, फोन कंपनीला कळवलं नाही. मृत्यूचा दाखला माझ्या कपाटात साडीखाली होता. कागदोपत्री हे जिवंत राहिले.

महिनाभराने बाई कुरकुरू लागल्या. एक शब्दसुद्धा बोलता येऊ नये असलं कसलं ऑपरेशन. तेव्हा जाऊबाईंनाच सुचलं. यांच्या फोनमध्ये बाईंना पाठवलेले कितीतरी बोलके निरोप साठलेले होते. बाईंना वाचता येत नसे, म्हणून हे लिहायचे नाहीत, बोलून पाठवायचे. भाऊजींचा जुना फोन बाईंकडे होता; हिरव्या खुणेवर बोट सरकवायचं, निरोप ऐकायचा, उत्तर बोलायचं, आम्हाला फोन लावायचा, एवढं त्या शिकल्या होत्या. "त्यातलेच एखाददुसरे पुन्हा पाठवा," जाऊबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी एक वाक्य बोलायची परवानगी दिली म्हणून सांगू."

मी ते काम करू लागले. देवासला बसून, दोन-चार दिवसांनी एक. निवडताना फार जपावं लागे. "यंदा आंबा आलाच नाही" असं ज्यात असेल तो कार्तिकात चालायचा नाही. मागे पंख्याचा आवाज असेल तर थंडीत चालायचा नाही. "बाई, ताक घेतलंस का? वाटीभर तरी घे" हा बाराही महिने चाले. पाठवला की थोड्या वेळाने बाईंचं उत्तर यायचं. "घेतलं रे. तुझा घसा आता मोकळा वाटतोय. पोरीला म्हणावं, हळद-दूध दे." हे उत्तर ऐकायला आता मी एकटीच होते. मी ते ऐकत असे आणि फोन पालथा ठेवत असे.

यांचा आवाज चांगला होता, हे सांगायला हवं. निवृत्तीनंतर यांनी एक उद्योग आरंभला होता. आमच्याकडची तरुण मुलं हिंदी शाळांत शिकलेली. घरी मराठी बोलतात, पण पोथी हातात घेतली की दोन ओळींत अडखळतात. म्हणून हे पूजेचे विधी, व्रतांच्या कहाण्या संथ आवाजात वाचून रेकॉर्ड करायचे आणि आमच्या मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायचे. सगळ्यांना खुलं. वर यांचा हसरा फोटो, खाली पूर्ण नाव, गाव, कुठल्या विषयाचे प्राध्यापक, सगळं. गणपतीत धारपासून पीपलरावां गावापर्यंत कितीतरी घरी यांच्या आवाजावर प्राणप्रतिष्ठा होई. एवढे तासन् तास स्वच्छ उच्चारलेले शब्द कोणी दुसऱ्याच कामाला लावू शकेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी यांच्या फोनवर एका अनोळखी स्त्रीचा फोन आला. अत्यंत सभ्य हिंदी. म्हणाली, हा नंबर नव्या पद्धतीत नोंदवलेला नाही, आज संध्याकाळपर्यंत बंद होईल. चालू ठेवायचा असेल तर एक मेसेज आला आहे, तो पुढे पाठवा. दुसरी कुठलीही धमकी दिली असती तर मी फोन ठेवला असता. मी इतकी अडाणी नाही, वर्तमानपत्र वाचते. पण नंबर बंद होईल हे शब्द ऐकले आणि मला बाईंचा चेहरा दिसला, कानाशी फोन धरून बसलेला. मी मेसेज पुढे पाठवला. दुपारी यांच्या फोनवरच्या नेटवर्कच्या रेघा गेल्या.

मी टेकडीखालच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदाराने सिम काढलं, पुसलं, परत घातलं. "आंटीजी, रिचार्ज तो है। टॉवर का काम चल रहा होगा, एक-दो दिन देख लो।" मी घरी आले. दोन दिवस बघितलं. यांचा फोन पाटीसारखा पडून होता. बाईंना काय निरोप जाणार आता, याची काळजी करत मी घरात फिरत होते. चुकीची काळजी करत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. बाई होत्या.

"अगं, झोपली होतीस का?"

"नाही बाई, वाचत होते."

"वाच, वाच. तिकडे नवरा बोलायला लागला आणि हिला पत्ताच नाही."

मला वाटलं एखादा जुना निरोप त्यांनी पुन्हा ऐकला असेल. "कोण बोललं, बाई?"

"कोण म्हणजे? विसरलीस की काय त्याला? थोरला बोलला. फोनवर. चांगला पाच-दहा मिनिटं. घसा अगदी पहिल्यासारखा."

तेव्हा काय झालं ते मी जसंच्या तसं लिहिते. मला आनंद झाला. विचार यायच्या आधी झाला, एखादं भांडं हातातून सुटावं तसा. मग मला माझ्या हातातलं पुस्तक दिसलं, खुर्ची दिसली. मी पुस्तक मिटलं.

"काय म्हणाले?"

"हिंदीत बोलत होता. मला 'माँ' म्हणाला. शेजारी कोणी असेल दवाखान्यातलं, म्हणून." आमच्या घरांत हे नेहमीचंच आहे, बाहेरचा माणूस खोलीत असला की आई-मुलंही हिंदीत बोलतात. बाईंना त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. "मला म्हणाला, फोन तोंडासमोर धर. मला बघायचंय. मी म्हटलं, बघ बाबा. मग म्हणाला, डोळे मिचकाव. मान इकडे कर, तिकडे कर. मी म्हटलं, म्हातारीला आता नाचवतोस की काय."

"तुम्हाला हे दिसले?"

"मला काय दिसणार, कपाळ? अंधार होता म्हणाला त्याच्याकडे. माझ्याकडेही उजेड कमी पडला. उद्या दुपारी करतो म्हणाला, खिडकीशी बस. आणि फोनवर काही आकडे येतील ते वाचून दाखव. मी म्हटलं, मला कुठे दिसतात, धाकट्याला सांगते. तर म्हणाला, त्याला नको सांगू, तो घाबरतो. पेन्शनचं काहीतरी आहे, मी इथूनच करून टाकतो. म्हणून तुला विचारते. शेजारणीकडून वाचून घेऊ ना?"

मी म्हटलं, "शेजारणीला नको. मीच येते उद्या."

"तू कशाला? बस पकडून येणार आकडे वाचायला." पण त्यांना बरं वाटल्याचं आवाजावरून कळत होतं. "ये. तुझ्याशीही बोलेल."

मी फोन ठेवला. कोणीतरी यांचा आवाज अंगावर घालून धारच्या घरात जाऊन आलं होतं. घशाचं त्याला कसं कळलं, हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला आणि त्याचं उत्तरही लगेच कळलं. नंबर त्याच्याकडे गेला होता. बाईंचे निरोप आता त्याला पोचत होते. तुझा घसा कसा आहे, पोरगी हळद-दूध देते का. आम्ही रचलेली हकीकत बाईंनी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. त्याला काही शोधावं लागलं नव्हतं.

मी भाऊजींना फोन लावला आणि म्हटलं, "सगळं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका." ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "फोन काढून घेतो तिचा."

मागून जाऊबाईंचा आवाज आला. "आणि सांगाल काय? मुलाचा फोन येतो म्हणून काढून घेतला?"

"नंबर खराब झाला म्हणून सांगू."

"त्या काय दूधपित्या आहेत?"

"मग काय करू? तू सांग." भाऊजी जाऊबाईंवर चिडले होते की माझ्यावर, कळत नव्हतं. मग आवाज खाली करून मला म्हणाले, "वहिनी, इतके महिने सांभाळलंय. आता नको. तिला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मुलीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. आधी कामाला लागली, रडायचं पुढे ढकलण्याची तिची पद्धत आहे, तिच्या वडलांकडून आलेली. तिने मला सांगितलं की सिम आता प्लास्टिकचं असायलाच हवं असं नाही, फोनमधल्या फोनमध्ये दुसरीकडे नेता येतं, आणि मी पाठवलेल्या मेसेजने तेच झालं. आवाज तर थोडासा नमुना मिळाला तरी तयार करतात, बाबांनी तर पोत्याने ठेवला होता. मग ती म्हणाली, "आजीच्या आधारला कुलूप लावून टाकते. बोटांचे ठसे, चेहरा, काहीच चालणार नाही. काकाला सांग, तिच्या फोनवर आकडे येतील ते फक्त मला वाचून दाखव."

"म्हणजे झालं?"

"कागदाला कुलूप लागतं, आई. आजीला कसं लावणार? तो उद्या दुसरं काही मागेल. बाबा मागतायत म्हटल्यावर ती देईल."

मग म्हणाली, "आपणही एक शब्द ठरवून ठेवू. फोनवर कोणी काही मागितलं तर आधी तो विचारायचा." आम्ही ठरवला. अर्थात तो इथे लिहिता येत नाही. ठरवल्यावर तिने मला विचारलं, मी सांगितला, आणि तेव्हा ती रडली.

तक्रार नोंदवायच्या नंबरावर मी संध्याकाळी फोन केला. पलीकडचा माणूस शांत होता.

"जिनका नंबर है, वे कहाँ हैं?"

"वे नहीं रहे।"

"कब की बात है?"

मी सांगितलं. तो काही लिहीत असावा. "तो मैडम, नंबर अब तक चालू क्यों था?"

एवढा साधा प्रश्न. मला त्याचं उत्तर हिंदीत देता येईना, आणि मराठीतही आलं असतं असं नाही. मी म्हटलं, "घर में बुज़ुर्ग हैं।" त्याने पुढे विचारलं नाही. म्हणाला, तक्रार झाली, मृत्यूचा दाखला पाठवा, नंबर बंद व्हायला थोडा वेळ लागेल, तोवर बुजुर्गांना समजावून सांगा.

सकाळच्या बसने निघाले. इंदुरात बस बदलली. हिवाळ्यातले गहू अजून बोटभर होते, हरभरा फुलावर आलेला. कंडक्टरने तिकिटाचे पैसे भरायला फोन पुढे करा म्हटलं तेव्हा मी दचकले. आदल्या दिवसापासून कुठलाही फोन वाजला की मला वाटत होतं की त्यात हे असतील. त्या आवाजाने काय सांगितलं म्हणजे मी ओळखीन की बोलणारे हे नव्हेत? इतक्या वर्षांच्या संसारात तसं काही मी कधी बाजूला काढून ठेवलेलं नव्हतं. घाटाबिल्लोदचा थांबा गेल्यावर मी पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं. धारला जाताना या महिन्यांत मी दर वेळी टिकली लावत असे, गळ्यात मंगळसूत्र घालत असे. बाईंना दिसत नसे, पण त्या जवळ घेताना चेहऱ्यावरून, गळ्यावरून हात फिरवत. आजही लावावी की नाही यावर मी धार येईपर्यंत विचार करत राहिले. शेवटी पाकीट तसंच आत ठेवलं.

घरी भाऊजी दारातच उभे होते. मुलीने सांगितलं ते सगळं रात्री झालं होतं. बँकेतही ते सकाळी जाऊन आले होते. "फोन चार्जिंगच्या निमित्ताने घेतला होता," ते पुटपुटले. "तर चहा घेईना. थोरल्याचा फोन यायचाय, आधी फोन दे म्हणाली. दिला परत. काय करणार."

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. आंघोळ झालेली होती. इस्त्रीचं पातळ, केस चापूनचोपून बांधलेले, चेहऱ्याला थोडी पावडरसुद्धा लावलेली. उन्हाचा पट्टा बरोबर तोंडावर पडेल अशी खुर्ची त्यांनी जाऊबाईंकडून ओढून घेतली होती.

"आलीस का? बरं झालं. उजेड पुरे आहे का गं? काल कमी पडला होता."

"पुरे आहे, बाई."

"जवळ बस."

मी त्यांच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर बसले. सांगायचं ठरवून आले होते. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. ते तोंडातून निघायच्या आत फोन वाजला. बाईंनी बोट सरकवायला हात पुढे केला आणि मी तो फोन त्यांच्या मांडीवरून उचलला.

"माँ? सुनाई दे रहा है? उजाले में बैठी हो ना?"

यांचा आवाज होता. यांच्यासारखा असेल अशी माझी तयारी होती. तो यांचाच होता. शेवटच्या वर्षात श्वासाला एक घरघर लागली होती, ती यात नव्हती. आजारापूर्वीचा आवाज, कहाण्या वाचायचा तो, भरलेला आणि संथ. मी फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही. "माँ, बोलो तो," तो म्हणाला, आणि मी ऐकत राहिले, आणखी काही बोलेल म्हणून. "हैलो? कौन है?" त्या 'कौन है'मध्ये मात्र यांच्यात कधीच नव्हती अशी एक घाई होती, आणि ती ऐकून मी भानावर आले. मी फोन बंद केला.

"अगं, का ठेवलास? तोच होता ना?"

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. जाऊबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं.

आमच्याकडे अशी बातमी शब्दांत सांगत नाहीत. कोणी दूरचं गेलं आणि घरी निरोप आला की घरातलं मोठं माणूस एवढंच म्हणतं, आंघोळ करायची आहे. ऐकणारा उठतो, डोक्यावरून पाणी घेतो, आणि मग विचारतो. मी तयार केलेलं वाक्य विसरले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला आंघोळ करावी लागेल."

"सकाळीच तर केली."

"डोक्यावरून."

त्यांचा चेहरा उन्हात होता. त्यावर काही हललं नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होईना. त्या म्हणाल्या, "कोणाच्या नावाने?"

"यांच्या."

"आत्ता तर बोलला."

"तो चोर होता, बाई. यांचा आवाज चोरलाय कुणी तरी. तुमची ओळख चोरायला."

"आणि ते निरोप? ताक घे म्हणायचा ते?"

"ते जुने. मी पाठवत होते."

त्यांनी हात पुढे केला. मला कळलं, काय चाचपायचं आहे. मी सरकून जवळ गेले. त्यांची बोटं माझ्या कपाळावरून गेली, गळ्याभोवती फिरली, आणि खांद्यावर येऊन थांबली. नाडी बघायला भाऊजी पुढे आले तर बाईंनी त्यांचा हात झटकून टाकला.

"म्हणून श्रावणात देव शेजारच्यांकडून पुजून घेतले," त्या म्हणाल्या. "मला म्हणालात, धाकटीची कंबर धरली आहे."

जाऊबाई पाणी तापवायला आत गेल्या.

"अस्थी?"

"नर्मदेत, नेमावरला," मी म्हटलं.

"त्याच्या वडलांच्या धरमपुरीला आहेत. इथून जवळ पडलं असतं." मग स्वतःशीच, "नेमावर वरच्या अंगाला. खालीच येईल पाणी."

जाऊबाईंनी पाणी काढलं. आम्ही दोघींनी मिळून त्यांना न्हाऊ घातलं. तांब्या माझ्या हातातून घेऊन पहिलं पाणी त्यांनी स्वतः ओतलं. उशिरा कळलेल्याचं सुतक थोडंच असतं असं भाऊजी दबकत म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही धरलंत ना मला न विचारता? माझं मी दहा दिवस धरीन." छातीत दुखतंय का, असं डॉक्टरांनी संध्याकाळी येऊन विचारलं. "दुखतंय," बाई म्हणाल्या. "दुखू नये की काय?"

ओले केस पाठीवर सोडून त्या परत त्याच खुर्चीत बसल्या होत्या तेव्हा आतल्या खोलीत फोन पुन्हा वाजायला लागला. भाऊजी उठले. बाईंनी हाताने त्यांना बसवलं. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. त्यांचं सगळं अंग त्या आवाजाकडे झुकलेलं मला दिसत होतं. पण त्या उठल्या नाहीत. मग तो थांबला.

दाखला दिल्यावर नंबर काही दिवसांत बंद झाला. यांची बँकेतली खाती, ओळखपत्रं, जे जे चालू होतं ते ते मी एकेक करून बंद केलं. प्रत्येक ठिकाणी हे गेल्याचं मला पुन्हा सांगावं लागलं. कहाण्या मंडळाच्या पानावरून काढाव्यात की नाही यावर अजून एकमत नाही. काढल्या तर पोरं गणपती कशी बसवणार, असं काहीजण विचारतात. चोराने जे घेतलं ते परत येत नाही, असं मुलगी म्हणते, आणि मला कुठल्याही अनोळखी नंबरावर बोलताना आता आवाज दाबून बोलायची सवय लागली आहे. त्याने काही होत नाही, हे मला माहीत आहे.

बाई फोनवर कुणाशीच बोलत नाहीत. माझ्याशीही नाही. मी एकदा केला तेव्हा त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "तू असशील तर घरी ये." त्यांनाही शिकवून ठेवलेला तो ठरलेला शब्दसुद्धा मी सांगितला. त्यांनी फोन ठेवला.

म्हणून मी जाते. बहुतेक दर आठवड्याला, सकाळच्या बसने. दारात त्या माझा हात धरतात, सोडत नाहीत, खिडकीशी नेऊन बसवतात आणि म्हणतात, सुरुवातीपासून सांग. मी सांगते: सकाळी छातीत जड वाटतंय म्हणाले तिथपासून. त्या मला पुढे जाऊ देत नाहीत. चहा घेतला होता का, कोणत्या कुशीवर झोपले होते, गाडीत बसवताना धरलं कोणी. इतक्या भेटी झाल्या, आम्ही अजून दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलेलो नाही. परवा त्यांनी विचारलं, अंगात सदरा कुठला होता. निळा, मी म्हटलं. "नक्की?" मला नक्की सांगता येईना. बाई थांबल्या होत्या, हात तसाच धरून, आणि मी आठवत होते.